तो वर उडतोय, आणि तलवार पाच फुटांची!

काय मंडळी, या वीकेंडला काय प्लॅन? मॉल, मूव्ही की नुसतंच लोळणं? आमचा प्लॅन ठरलेला असतो. महिन्यातला एक रविवार, एक टेबल, पाच डोकी, मूठभर फासे आणि चहाचा अखंड पुरवठा. आज त्याच टेबलावरची एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट एका पोपटाची आहे. पोपट माझाच झाला, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी आणला. कॉम्प्युटर नाही, स्क्रीन नाही. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी तिरंदाज. एक जण होतो डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. जग त्याचं, शत्रूही त्याचेच. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. मारामारी सुरू झाली की चौकटी आखलेला चार्ट पेपर टेबलावर येतो. एक चौकट म्हणजे पाच फूट, आणि सगळ्यांची एकेक पाळी झाली की खेळातली सहा सेकंदं संपतात. संपलं ट्रेनिंग!

त्या महिन्यात डीएम मी होतो, आणि आम्ही जमलो होतो नगरला. कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या ग्रुपच्या तोंडात अजून नगरच बसलंय. आम्ही चौघं पुण्याचे. पाचवा, म्हणजे आमचा तलवारवाला, सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो आणि सावेडीला राहतो. त्याला महिन्यातून मोकळा रविवार मिळतो तो एकच. म्हणून म्हटलं, या वेळी आपणच जाऊ त्याच्याकडे.

सकाळी किल्ला बघून आलो. नगरचा भुईकोट किल्ला म्हणजे सॉलिड प्रकरण आहे, बॉस! डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवर गोल तट आणि भोवती खंदक. तटाची उंची सुमारे १८ मीटर, खंदकाची रुंदी सुमारे ३० मीटर. पंडित नेहरूंना १९४२ ते १९४५ या काळात इथेच कैदेत ठेवलं होतं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं गेलं. मी मात्र तटाकडे बघत मनात चौकटी मोजत होतो. १८ मीटर म्हणजे साधारण ६० फूट. म्हणजे बारा चौकटी, सरळ वर!

पाच फेऱ्या, शून्य वार

दुपारी चार्ट पेपरवर किल्ला आखला आणि माझं ब्रह्मास्त्र काढलं. चार गिधाडमाणसं. पंख, धनुष्य, वाईट स्वभाव. पुस्तकातली नव्हेत, मी स्वतः रात्री जागून बनवलेली. ती ६० फुटांवर घिरट्या घालणार आणि वरून बाण सोडणार. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आमची तिरंदाज, दिवसा बँकेत लोनच्या फायली बघते, ती खूश. लांब धनुष्याचा टप्पा १५० फूट, तिला काय फरक पडतो? जादूगारही खूश. आमचा वैद्य जखमा बऱ्या करण्यात बिझी. आणि तलवारवाला?

"मी काय करू?"

"तू... त्यांच्यावर लक्ष ठेव."

तलवारीचा टप्पा पाच फूट. त्याच्याकडे तीन भाले होते, ते फेकले. फेकभाल्याचा सरळ टप्पा ३० फूट. त्यापुढे १२० फुटांपर्यंत फेकता येतो, पण मग फासा दोनदा टाकायचा आणि कमी आकडा धरायचा. तिन्ही भाले वाया गेले. मग त्यानं विचारलं, "धावत येऊन उडी मारली तर?" हिशेब केला. पाचव्या आवृत्तीच्या नियमात दहा फूट धावत येऊन उडी मारली तर ३ फूट अधिक ताकदीचा बोनस. त्याची ताकद १८, म्हणजे बोनस ४. उडी झाली सात फूट. हात वर करून उंचीच्या दीडपटीपर्यंत पोचता येतं, पात्र सहा फुटांचं, म्हणजे आणखी नऊ. एकूण १६ फूट. शत्रू ६० वर. उरलेल्या ४४ फुटांचं काय करायचं?

चौथ्या फेरीत तो म्हणाला, "पास." पाचव्या फेरीत त्यानं मोबाइल काढला. ही एकच मारामारी दीड तास चालली. आम्ही जिंकलो, तिरंदाजीनं टाळी दिली, आणि तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "पुढच्या महिन्यात जमेलच असं नाही रे. शिफ्टचं काही सांगता येत नाही."

प्रॉब्लेम शिफ्टचा नव्हता, हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. महिन्यातला एक मोकळा रविवार त्यानं आम्हाला दिला होता, आणि मी त्याला आभाळाकडे बघत बसवलं होतं. ग्रुप असे तुटतात, बॉस. भांडण होऊन नव्हे. एकेक जण ‘जमेलच असं नाही’ म्हणायला लागतो आणि मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं.

काकूंचा फंडा

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. लेकाचं तोंड बघून काकूंनी विचारलं, "काय रे, असा तोंड पाडून का बसलास?"

त्यानं सांगितलं. म्हणजे शत्रू वर आहे, तलवार पोचत नाही, वगैरे. काकूंनी टेबलावरचा चार्ट बघितला, चहाचे कप त्या किल्ल्यातच ठेवले आणि म्हणाल्या, "अरे, कावळा तारेवर बसलाय तोवर काठी फिरवून काय होणार? तो पापडाला खाली येतो ना, तेव्हा हाणायचा. आणि येतच नसेल तर पापड घरात घेऊन यायचे. बसू दे त्याला काव काव करत."

आम्ही सगळे गप्प. कारण गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईनं दोन वाक्यांत तो चॅप्टर सांगितला होता, जो मी रात्रभर पुस्तक चाळून वाचला नव्हता.

पहिलं वाक्य म्हणजे नियमातली ‘रेडी’ अॅक्शन. आपल्या पाळीला वार करायचा नाही, अट सांगून थांबायचं: "तो माझ्या टप्प्यात आला की मी हाणणार." अट पूर्ण झाली की दुसऱ्याच्या पाळीतही तुमचा वार होतो. याला किंमत आहे. ज्या योद्ध्याला एका पाळीत दोन वार मिळतात, त्याला असा थांबून एकच मिळतो. पण शून्यापेक्षा एक बरा!

आणि त्या फेरीत असा थांबून वार झाला नसेल, तर झडप घालून परत वर जाणारा शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर पडतो, तेव्हा तुम्हाला एक फुकटचा वार असतोच. घुबडासारख्या मोजक्या प्राण्यांना यातून सूट आहे, त्यांच्या वर्णनात तसं लिहिलेलंच असतं. बाकीच्यांना नाही.

दुसरं वाक्य म्हणजे आडोसा. छपराखाली जा, कमानीत शिरा, बुरुजाच्या आत उतरा. शत्रूला तुम्ही हवे असाल तर त्याला खाली यावं लागेल, आणि दारातून आत शिरणाऱ्या गिधाडाला पंखांचा काडीचा उपयोग नाही.

मग माझी चूक नेमकी कुठे झाली? गिधाडांना पंख दिले, ही चूक नव्हती. त्यांना खाली यायचं एकही कारण दिलं नाही, ही होती. वर राहून बाण मारले की काम होतंय, तर येईल कशाला कुणी खाली? माझ्या टेबलावर पापडच नव्हते.

किल्ला काय सांगतो?

संध्याकाळी पुण्याला परत येताना गाडीत हाच विषय. आणि गंमत म्हणजे सकाळी बघितलेला किल्लाच आठवत राहिला. उंचावर बसलेल्या शत्रूचं करायचं काय, हा प्रश्न नगरनं खरोखरच्या लढाईत सोडवलेला आहे. दोन वेळा, दोन तऱ्हांनी.

पहिली वेळ १५९५ ची. अकबराचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन आला आणि किल्ल्याला वेढा पडला. आत चांदबीबी. खंदक ओलांडून एवढ्या उंच तटावर चढायचं कसं? मुघलांनी चढायचा नाद सोडला आणि तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांनी काही सुरुंग शोधून निकामी केले, पण एक उडालाच आणि तटाला खिंडार पडलं. चांदबीबी हातात तलवार घेऊन स्वतः त्या खिंडारात उभी राहिली, हल्ला परतवला आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड मुघलांना मिळालं, पण त्या वेळी किल्ला पडला नाही. यातला मुघलांचा फंडा बघा: उंचीवर चढता येत नसेल तर उंचीच खाली आणा.

दुसरी वेळ १८०३ ची. ८ ऑगस्टला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं आधी शहराच्या तटाला शिड्या लावल्या. आता शिडी लावली म्हणजे प्रश्न सुटला, असं वाटेल. पण त्या तटाला आतून फांजीच नव्हती, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पाय रोवायला जागा नव्हती. वर पोचलेले शिपाई तितक्याच वेगानं खाली ढकलले जात होते. बुरुज हाती आला, तिथून आत उतरता आलं, तेव्हा कुठे शहर पडलं. चार दिवसांनी, १२ ऑगस्टला किल्लाही गेला. यातला धडा: वर पोचणं ही अर्धीच गोष्ट. वर गेल्यावर उभं कुठे राहणार, हे आधी ठरवा!

गाडी शिरूरपर्यंत येईतो माझ्या डोक्यात पुढच्या महिन्याची मारामारी तयार झाली होती.

पुढच्या वेळी वर बघायच्या आधी

तुम्हीही डीएम असाल किंवा होणार असाल, तर हे कात्रण जपून ठेवा.

१. पापड ठेवा. उडणाऱ्या शत्रूला जमिनीवरचं काहीतरी हवं असलं पाहिजे. खजिना, कैदी, दारूगोळा, काहीही. घिरट्या घालून जे मिळत नाही, असं काहीतरी.

२. शिडी ठेवा. नकाशावर उंच जागा हवीच: बुरुज, झाड, देवळाचा कळस, घराची गच्ची. आणि तिथे पाय रोवून उभं राहता आलं पाहिजे. १८०३ विसरू नका.

३. उंची दिसू द्या. ‘तो ४० फुटांवर आहे’ हे तोंडी सांगितलं की दोन मिनिटांत सगळे विसरतात. आम्ही सोंगटीखाली काडेपेट्या रचतो, एक काडेपेटी म्हणजे दहा फूट. काडेपेट्या नसतील तर सोंगटीशेजारी साधा फासा ठेवा. चार म्हणजे चाळीस फूट.

४. अंतरावरून भांडू नका. शत्रू ४० फूट लांब आणि ३० फूट वर असेल तर तिरकं अंतर ५०. शाळेतला पायथागोरस! हा हिशेब नको असेल तर सोपा उपाय: पाचव्या आवृत्तीच्या साध्या नियमात चार्टवरची तिरकी चौकटही पाचच फुटांची धरतात, तेच वरच्या दिशेलाही लावा. मग दोन आकड्यांपैकी मोठा घ्यायचा, म्हणजे ४०. कुठलाही नियम चालेल, पण मारामारी सुरू व्हायच्या आधी सांगून टाका.

५. पाडलं की पडतो, हे लक्षात ठेवा. उडणाऱ्याला आडवं पाडलं किंवा त्याचा वेग शून्यावर आणला, तर तो कोसळतो. एका जागी तरंगत राहायची क्षमता असेल किंवा जादूनं तरंगत असेल, तरच वाचतो. पडण्याची किंमत दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. ६० फुटांवरून सहा फासे, म्हणजे सरासरी २१ चा फटका. तुमच्या तिरंदाजानं ‘बॅटल मास्टर’ची विद्या घेतली असेल, तर बाणानंसुद्धा शत्रूला आडवं पाडता येतं. कुणी ‘फ्लाय’ मंत्रानं उडत असेल, तर मंत्र टाकणाऱ्यालाच गाठा. त्याचं लक्ष मोडलं की उडणारा खाली. आणि ‘अर्थबाइंड’ मंत्रानं शत्रूचं उडणंच बंद होतं, तो दर फेरीला ६० फूट खाली येतो. जाळं ऐकायला छान वाटतं, पण त्याचा टप्पा जेमतेम १५ फूट. म्हणजे पुन्हा काकूंचाच फंडा, खाली येईपर्यंत थांबा.

६. पंखांनाही नियम लावा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत उडणाऱ्यांचे पाच दर्जे होते, बेढब उडणाऱ्यांपासून अगदी परफेक्ट उडणाऱ्यांपर्यंत. खालच्या दर्जाच्यांना हवेत थांबता यायचं नाही, पुढे सरकत राहावंच लागायचं. नव्या आवृत्त्यांनी हे सोपं केलं, पण मी माझ्या गिधाडांना तो जुना नियम परत लावला. मोठं गिधाड हवेत ब्रेक मारून उभं राहत नाही. घिरटी घालताना ते कधी ना कधी बुरुजाजवळून जाणारच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच आकड्यात बसत नाही. मारामारी आखून झाली की टेबलावरच्या प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा: हा यात काय करू शकेल? एकाही नावापुढची ओळ कोरी राहिली, तर मारामारी बदला. शत्रू कितीही कडक असू द्या, हरलो तरी मजा येते. पण आपली पाळी येऊनही करण्यासारखं काही नसणं, यासारखं बोअर काही नाही. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये ते आपण आठवड्याचे पाच दिवस करतोच की!

दुसरा रविवार

पुढच्या महिन्यात मी तलवारवाल्याला स्वतः फोन केला. "ये. तीच गिधाडं आहेत, पण या वेळी ये." तो आला. चेहरा फार काही उत्साही नव्हता, पण आला.

या वेळी गिधाडांना किल्ल्यातलं दारूगोळ्याचं कोठार हवं होतं. कोठार छपराखाली, शेजारी ४० फुटांचा बुरुज, बुरुजाला जिना. पहिल्या फेरीत एक गिधाड कोठाराच्या दारात उतरलं. तलवारवाला थांबून होता. एक वार. ते परत उडालं. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

दुसऱ्या फेरीत तो जिना चढायला लागला. कुणालाच कळेना, हा वर कशाला चाललाय. तिसऱ्या फेरीत तो माथ्यावर उभा, आणि गिधाडांचा सरदार घिरटी घालत बुरुजाच्या कडेनं गेला.

"उडी मारतो," तो म्हणाला. "त्याच्या अंगावर. आणि धरून ठेवतो."

टेबलावर शांतता. फासा पडला: १७. धरलं! पकडलेल्याचा वेग शून्य, आणि वेग शून्य म्हणजे दोघंही खाली, ४० फूट. तेवढ्यात आमचा जादूगार ओरडला, "थांब! माझी रिअॅक्शन! ‘फेदर फॉल’! पण फक्त आपल्या माणसावर!" हा मंत्र पडणाऱ्यांपैकी कुणाला वाचवायचं ते निवडू देतो. म्हणजे तलवारवाला पिसासारखा तरंगत उतरला आणि सरदार चार फाशांनिशी दगडावर.

एवढा आरडाओरडा झाला की काकू आतून बघायला आल्या. "खाली आला का कावळा?"

"आला, काकू! पापडाला आला!"

सोमवारी सकाळी मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. व्हॉट्सअॅपवर सुप्याहून मेसेज. गुड मॉर्निंगचं फूल नव्हतं. एवढंच होतं: "पुढचा रविवार कधीचा? शिफ्ट बदलून घेतो."

तर मंडळी, तुमच्या टेबलावरसुद्धा कुणीतरी मोबाइल काढून बसलं असेल, तर आधी वर बघू नका. त्याच्याकडे बघा. मग बुरुजाला एक जिना काढा. भेटू पुढच्या आठवड्यात, तोपर्यंत फासे चांगले पडोत!